गुलाल, तांबडी माती, काळा दगड: कुठली फिल्म, कुठला फिल्टर

गुलाल हा कॅमेऱ्याच्या फिल्मची परीक्षा घेणारा रंग आहे. तो लाल आणि थोडा निळा प्रकाश परतवतो, हिरवा जवळजवळ सगळा गिळतो. त्यामुळे एकाच गुलालाची मूठ एका फिल्मवर पांढरीफटक येते, तर दुसरीवर काळपट. चैत्रात गुलालाच्या उधळणीला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर जाण्याआधी हे गणित समजून घ्या.

ब्लॅक अँड व्हाइटपासून सुरुवात करू, कारण फिल्टरचं काम तिथं उघडं दिसतं. नियम एकच: फिल्टर स्वतःच्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. एचपी५ प्लस ४०० या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर (४०० हा तिचा वेग, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) फिल्टर न लावता काढलात, तर गुलाल आणि मागची झाडं साधारण एकाच राखाडीत येतात आणि फोटो सपाट वाटतो. लाल २५ (हा फिल्टरचा क्रमांक) लावा: गुलाल जवळजवळ पांढरा, झाडी गडद, निळं आभाळ काळंभोर. पिवळा-हिरवा ११ लावला की उलट: पानं उजळतात, गुलाल काळवंडतो. आमच्या मते उधळण हवेत असताना लाल २५ आणि गुलालानं माखलेले चेहरे जवळून घेताना ११ वापरावा. लालमागून चेहऱ्यावरचा गुलाल आणि कातडी दोन्ही पांढुरकी होऊन एकमेकांत मिसळतात आणि माखलेपण दिसतच नाही.

फिल्टर प्रकाश खातो, त्याची भरपाई अशी: पिवळा ८ ला १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), पिवळा-हिरवा ११ आणि नारिंगी २२ ला प्रत्येकी २, लाल २५ ला ३. भर उन्हात ४०० च्या फिल्मवर एफ/१६ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि १/५०० सेकंद येत असेल, तर लाल २५ ला एफ/५.६ आणि १/५०० ठेवा. मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचं मोजमाप, फिल्टर न लावता करा आणि मग स्टॉप वाढवा. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचा मीटर लाल प्रकाशाला फिल्मइतकाच प्रतिसाद देत नाही. गडद फिल्टरमागून त्यानं दिलेला आकडा चुकू शकतो आणि प्रकाश कमी मिळून निगेटिव्ह पातळ येते. आणखी एक: लाल फिल्टर निळं आभाळच गडद करतो. चैत्रातल्या दुपारी आभाळ धुळीनं पांढुरकं झालेलं असलं की २५ काय नि ८ काय, काही उपयोग नाही. सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन काढा.

गुलाल फिल्टरशिवायच गडद हवा असेल, तर इल्फर्ड ऑर्थो प्लस ८० आहे. ती लाल रंगाला आंधळी आहे. गुलालातला थोडा निळा भाग तिला दिसतो, म्हणून तो ठार काळा न येता गडद राखाडी येतो. ओठ काळे पडतात, चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. १९२० च्या सुमारास बाबूराव पेंटर कोल्हापुरात मूकपट काढत होते तेव्हा सिनेमाची फिल्म सहसा याच जातीची असे. त्या काळच्या चित्रांतले गडद ओठ त्यामुळेच. या फिल्मवर लाल फिल्टर लावू नका, फ्रेम कोरी येईल.

तालमीत वेगळी अडचण. तांबडी माती आणि मातीनं माखलेला पैलवान यांचा रंग जवळजवळ एकच. इथं नारिंगी किंवा लाल म्हणजे हमखास चूक: अंग आणि आखाडा दोन्ही फिकट, पैलवान मातीत हरवतो. ११ नं मातीही गडद होते आणि अंगही, पण दंड-पाठीवरची घामाची चमक टिकते आणि स्नायूंचा उठाव मिळतो. मात्र तालमीत प्रकाश कमी असतो, तिथं २ स्टॉप घालवणं परवडत नाही. एचपी५ १६०० वर वापरा, लॅबला दोन स्टॉप पुश (जास्त वेळ डेव्हलप) करायला सांगा आणि फिल्टर खिशातच ठेवा. खासबागेच्या उघड्या कुस्तीच्या मैदानात, उजेड असताना, ११ खुशाल लावा.

रंगीत फिल्मवर हे गडद फिल्टर लावायचे नाहीत, अख्खी फ्रेम त्या रंगात रंगते. इथं निवड फिल्मचीच. पोर्ट्रा ४०० कातडीला जपते, गुलाल थोडा सौम्य करते. २०० ची धरून मीटर केली, म्हणजे एक स्टॉप जास्त प्रकाश दिला, तर सावल्या स्वच्छ येतात. एक्टार १०० लाल रंग भडक करते, पण प्रकाश कमी पडला की सावल्या निळसर होतात. वेल्व्हिया ५० ऊस, डोंगर, तळं यांच्यासाठी. माणसांसाठी नको, चेहरे लालसर येतात. ही स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र देणारी) आहे, अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त चूक खपत नाही.

कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसचा काळा दगड मीटरला फसवतो. मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी धरतो. दगडावर मोजलंत तर दगड राखाडी आणि आभाळ जळालेलं. स्लाइडवर दगडावर मोजून १ ते दीड स्टॉप कमी करा, किंवा त्याच उन्हात ग्रे कार्ड (मध्यम राखाडी पुठ्ठा) धरून येईल तो आकडा जसाच्या तसा घ्या.

रंकाळा तलावावर सूर्य बुडल्यावर एक्स्पोजरची वेळ लांबते आणि फिल्मची संवेदनशीलता घटते. वेल्व्हिया ५० वर ४ सेकंदांपासून पुढे रंग हिरव्याकडे सरकतो. ४ सेकंदांना १/३ स्टॉप वाढवा आणि ५एम मॅजेंटा फिल्टर लावा, १६ सेकंदांना २/३ स्टॉप आणि १०एम. हा व्याप नको असेल तर प्रोव्हिया १००एफ घ्या, तिला १२८ सेकंदांपर्यंत काही करावं लागत नाही. रात्री पिवळ्या बल्बच्या दुकानांसमोर सिनेस्टिल ८००टी चांगली, ती ३२०० केल्व्हिनसाठी, म्हणजे अशाच पिवळसर उजेडासाठी, बनवली आहे. तिच्या पाठीचा काळा कार्बनचा थर आधीच काढलेला असतो, म्हणून दिव्यांभोवती लाल वलय येतं. तो दोष नव्हे. दिवसा वापरायची तर ८५बी हा नारिंगी फिल्टर लावून ५०० वर मीटर करा, नाहीतर सगळं निळं.

एवढं सांभाळूनही गुलाल बिघडतो तो बहुतेक वेळा स्कॅनिंगमध्ये. फ्रेमभर गुलाबी दिसला की स्कॅनरचं ऑटो करेक्शन तो ‘दुरुस्त’ करायला जातं आणि माणसं हिरवट होतात. रोलची पहिली फ्रेम उन्हात धरलेल्या ग्रे कार्डची काढा. लॅबला सांगा: ऑटो बंद, फ्लॅट (कमी कॉन्ट्रास्टचा) स्कॅन, पहिल्या फ्रेमवरून बॅलन्स आणि तोच पूर्ण रोलला. तरीही सावल्या एका रंगाकडे आणि उजळ भाग दुसऱ्या रंगाकडे झुकले, तर डेव्हलपिंग तपासा. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचा डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद लागतो. तापमान ढळलं की फिल्मचे तिन्ही रंगांचे थर वेगवेगळ्या वेगानं धुतले जातात आणि ते स्कॅनमध्ये पूर्ण सुधारत नाही.

उधळणीत रोल बदलू नका. गुलालाचा कण प्रेशर प्लेटवर (फिल्मला मागून दाबून धरणाऱ्या पट्टीवर) बसला की पुढच्या सगळ्या फ्रेमवर एक सरळ ओरखडा उमटतो. आडोशाला जा, आधी ब्लोअर मारा, मग मागचं झाकण उघडा. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर ठेवा आणि त्यावरचा गुलाल कापडानं पुसू नका, फुंकून काढा. फ्रिजमधला रोल डब्यातून काढण्याआधी तासभर बाहेर राहू द्या, आणि वापरलेला रोल उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सोडू नका.