सोलापुरात राहायचं की सोलापूर सोडायचं: ठरवायचं कसं

"सोलापुरात आता राम राहिला नाही" हे वाक्य मे महिन्यात, पाचव्या दिवशीही नळ कोरडा असताना तोंडातून निघतं. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर तळ्याकाठी फिरताना तोच माणूस म्हणतो, "आपल्या गावासारखं गाव नाही." दोन्ही वेळी तो खरंच बोलत असतो, म्हणून यांपैकी कुठल्याही दिवशी निर्णय घेऊ नये. आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते वेगळं काढावं लागतं. ती घराची असते, गल्लीची असते, शहराची असते किंवा कामधंद्याची. या चौघांची सरमिसळ झाली की माणूस छत तापतं म्हणून पुण्याला जातो आणि तिथेही वरच्याच मजल्यावर फ्लॅट घेतो.

तीस दिवसांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. रोज रात्री दोनच ओळी लिहा: आज काय खुपलं आणि आज इथे राहिल्यामुळे काय सोपं झालं. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. घ म्हणजे घर, ग म्हणजे गल्ली, श म्हणजे शहर, क म्हणजे काम. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपापली वही ठेवावी आणि महिना संपेपर्यंत एकमेकांची बघू नये. नवरा दिवसभर चिंचोळी एमआयडीसीत असतो आणि पाण्याची पाळी सांभाळते बायको. दोघांच्या वह्या सारख्या निघणं अवघडच.

एक महिना उन्हाळ्यात आणि एक सप्टेंबरात लिहिलात तर उत्तम. सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. हद्दवाढ भागातला कच्चा रस्ता, तुंबलेलं ड्रेनेज, ओल धरणारी भिंत हे सगळं तेव्हाच दिसतं.

महिन्याअखेरीस अक्षरं मोजा. घ जास्त असतील तर घर दुरुस्त करा किंवा बदला. ग जास्त असतील तर शहरातच दुसरा भाग बघा. श आणि क मिळून निम्म्याहून जास्त भरले, तरच पुणे-हैदराबादचा विचार पुढे न्यावा. "सोपं झालं"च्या ओळी वगळू नका. दवाखाना दहा मिनिटांवर असणं, आजारपणात शेजारच्या काकूंनी डबा देणं, ऑफिसातून दुपारी जेवायला घरी येता येणं, हे सोडून गेल्यावरच आठवतं.

पाण्याचा हिशेब

शहराला पाणी उजनी धरण, टाकळीचं भीमेचं पाणी आणि हिप्परगा तलाव यांतून मिळतं. तरीही अनेक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. म्हणून भाड्याचं घर बघताना खोल्या मोजण्याआधी साठवण मोजा. माणशी रोज १०० लिटर धरले तर चौघांना ४०० लागतात. पाच दिवसांचे झाले २,०००. पाळी एक दिवस लांबते हे गृहीत धरून २,४०० लिटर तरी हवेत. हौद आणि वरची टाकी मिळून एवढं भरत नसेल, तर दर उन्हाळ्यात टँकर आला समजा.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे कूलर. सोलापूरच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम चालतो, पण मेमध्ये ५० लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागू शकते. म्हणजे पाच दिवसांत ५०० लिटर तोच पितो. वरच्या हिशेबात ते मिळवा. समोरची खिडकी उघडी नसेल तर हवा कोंडते, अंग चिकट होतं आणि दोष कूलरला मिळतो.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा. पाणी किती वाजता येतं? मध्यरात्री येत असेल तर मोटर लावायला उठणार कोण? हौद एकट्याचा की चार भाडेकरूंचा सामाईक? सामाईक हौदावरून होणारी भांडणं भाडं कमी करून मिटत नाहीत. बोअर आहे म्हणाले तर ते पाणी पिऊन बघा आणि टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते मोजून घ्या. पिण्यासाठी ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. त्याच्या वर गेलं तर ते पाणी फक्त वापरायचं.

घर की गल्ली?

उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे घर संध्याकाळी नव्हे, रात्री नऊला बघावं. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवा. तेव्हाही ती गरम असेल तर त्या खोलीत बारापर्यंत झोप नाही. घर स्वतःचं असेल तर सोडण्याआधी गच्चीला चुना मारून बघा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल घालायचं आणि दोन हात द्यायचे. मार्च संपायच्या आत हे काम उरका. आधी गच्ची धुवून पूर्ण वाळवली नाही तर धुळीवर बसलेला चुना पापुद्र्यांनी निघतो, आणि एका पावसाळ्यात तो बराचसा वाहून जातोच. दर वर्षी करायचं काम आहे हे. पण वहीतले निम्मे घ एवढ्यानेच कमी होणार असतील, तर घर बदलायचा खर्च कशाला?

जुन्या पेठांतून जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी किंवा बाळ्याकडे जाताना जागा आणि हवा मिळते, पण पायाखालचा बाजार सुटतो. नव्या वसाहतीत प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला, ड्रेनेज लाइन आहे की सेप्टिक टँक, हे कागदावर आणि जागेवर दोन्हीकडे तपासा. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघालेल्या दिसल्या तर सावध व्हा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असला की भिंत ते बोलून दाखवते.

अशोक चौक, भवानी पेठेकडे घर बघत असाल तर रात्री अकराला दहा मिनिटं त्या गल्लीत उभे राहा. शेजारी यंत्रमागाचा कारखाना असेल तर त्याचा खडखडाट काहींना दोन दिवसांत ऐकू येईनासा होतो, काहींना वर्षभर झोपू देत नाही. तुम्ही कुठल्या जातकुळीचे, हे ॲडव्हान्स देण्याआधी कळलेलं बरं.

शहर सोडायचं असेल तर

पगाराचा आकडा बघून उडी मारू नका. महिन्याला हातात उरतं किती ते बघा. उदाहरण म्हणून मांडू या. सोलापुरात स्वतःच्या घरात राहून पगार ३०,०००. पेट्रोल १,५०० आणि घरखर्च १२,००० वजा जाता उरले १६,५००. पुण्यात पगार ४८,०००. भाडं १८,०००, प्रवास ४,०००, घरखर्च १४,००० आणि गावी येण्या-जाण्याचे ३,००० गेले. उरले ९,०००. सोलापूरचं घर ७,००० ने भाड्याने दिलं तर १६,०००. म्हणजे १८,००० ची वाढ दिसली आणि प्रत्यक्षात ५०० रुपये कमीच झाले. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच ठेवा. मग शेजारी आणखी एक रकाना करा: तीन वर्षांनी दोन्हीकडे पगार किती असेल? कापड, आयटी, औषध कंपन्या अशा तुमच्या क्षेत्रात सोलापुरात वरची जागाच नसेल, तर आजचे ५०० रुपये गौण आहेत. तिथे जाणंच योग्य.

रविवारी एफसी रोडवर फिरून पुणं कळत नाही. जमलं तर दोन आठवडे नातेवाइकांकडे किंवा पीजीत राहा, आणि जे घर घेणार त्याच्या दारातून सकाळी नऊला कामाच्या ठिकाणी निघा, संध्याकाळी सातला परता. दोन्ही वेळा मिनिटं लिहा. सोलापूरशी ये-जा राहणार असेल तर हडपसर, मांजरीची बाजू सोयीची, कारण ती सोलापूर रस्त्यावरच आहे. हिंजवडी अगदी विरुद्ध टोकाला पडते. शुक्रवारी रात्री तिथून निघालेल्या माणसाचा पहिला दीड-दोन तासांचा वेळ पुण्यातून बाहेर पडण्यातच जाऊ शकतो. हुतात्मा, इंद्रायणी, वंदे भारत अशा गाड्या आहेत खऱ्या, पण तिकीट आणि वेळ दोन्ही जमलं तरच त्यांचा उपयोग.

आईवडिलांना नेणार असाल तर त्यांच्याशी एक प्रश्न मोकळेपणाने बोला. रात्री दोनला छातीत दुखलं तर गाडी घेऊन कोण येईल? सोलापुरातली नावं लिहा, नव्या जागची लिहा. पूर्व भागातल्या तेलुगू किंवा अक्कलकोट रोडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट असते. म्हाताऱ्या माणसाला कट्ट्यावर आपल्या भाषेत बोलणारं कुणी मिळणार आहे का? याचं उत्तर पैशात मांडता येत नाही, पण वहीत ते पहिल्या पानावर असावं.

मुलं नववी-दहावीत असतील तर दहावी होऊ द्या. इतरांसाठी फेब्रुवारीच्या आत ठरवा, म्हणजे जूनच्या प्रवेशाआधी शाळा सोडल्याचा दाखला हातात पडतो.

सोलापूरचं घर पहिल्या वर्षी विकू नका. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर द्या आणि करार नोंदवाच. नुसतं नोटरी केलेलं कागदपत्र पुरेसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या १० टक्के वार्षिक व्याजावर मिळून ०.२५ टक्के. महिना ७,००० आणि अनामत ३०,००० असेल तर ते २०० च्या आसपास येतं. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

तो करार संपायच्या दोन महिने आधीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. त्या महिन्यात नव्या गावात पुन्हा तीस दिवसांची वही लिहा, तीच चार अक्षरं टाकून, आणि जुनी वही शेजारी उघडी ठेवा. भाडेकरूला मुदत वाढवून द्यायची की घर रिकामं करून मागायचं, ते त्यावरून ठरवा.