शेततळ्याचं पाणी निवळलं तरी पिण्याची घाई नको

उन्हाळा सरत आला की तळ्यात पाणी उरतं थोडं आणि तापतं फार. वारा पडलेला, आठ-दहा दिवस सलग कडक ऊन, पाण्याचं तापमान 25 अंशांच्या वर, एवढं जुळून आलं की निळं-हिरवं शेवाळ झपाट्यानं माजतं. पहिल्या जोरदार पावसानं शेतातलं खत आणि गोठ्यातलं शेण-मूत वाहून तळ्यात आणलं, तर त्याला आणखी खाद्य मिळतं. आपण याला शेवाळ म्हणत असलो तरी हे आहेत जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या काही जाती विष तयार करतात.

हिरवी साय दिसली की सगळेच सावध होतात. घोटाळा होतो तो नंतर. साय विरते, पाणी निवळतं आणि घराकडचा पंप पुन्हा सुरू होतो. पेशी जिवंत असते तोवर विष बहुतांशी तिच्या आतच असतं. पेशी मेली, फुटली की ते पाण्यात उतरतं. म्हणून पाणी नितळ दिसू लागतं नेमक्या त्याच दिवसांत विरघळलेलं विष भरपूर असू शकतं, आणि ते पुढे कित्येक दिवस, कधी काही आठवडे टिकतं.

या विषांपैकी सर्वांत जास्त आढळणारं मायक्रोसिस्टिन. त्याचा रोख यकृतावर असतो. पित्ताम्लं आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींना जी दारं असतात, त्यांतूनच ते शिरतं आणि आतली दोन महत्त्वाची विकरं बंद पाडतं. मात्रा मोठी असेल तर पेशींचा सांगाडाच कोसळतो आणि यकृतात रक्तस्राव होतो. साय प्यायलेली गुरं काही तासांत दगावतात ती यामुळेच. मात्रा थोडी पण रोजची असेल तर दुखत-खुपत काही नाही. मात्र पेशींच्या वाढीवरचा लगाम सैल होत जातो, आणि आधीच बिघडलेल्या पेशींना फोफावायला वाव मिळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मायक्रोसिस्टिन-एलआर हे ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या’ घटकांच्या गटात, म्हणजे 2बी मध्ये, घातलं आहे.

चीनमधल्या हाइमेन आणि छीतुंग या भागांत तळ्याचं आणि चरांचं पाणी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग खोल विहिरीचं पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला होता. तिथं हिपॅटायटिस बी आणि बुरशी लागलेल्या धान्यातलं अफ्लाटॉक्सिन हेही होतं, त्यामुळे सगळं खापर शेवाळावर फोडता येत नाही. पण शेतकरी कुटुंबानं घ्यायचा धडा तोच आहे: यकृतावरचे हे मारे एकमेकांत मिसळतात. घरात कुणाला हिपॅटायटिस असेल, कुणी दारू पीत असेल, तर त्या माणसाला तळ्याचं पाणी सर्वांत आधी बंद करा. यकृताच्या तपासणीत एएलटी, एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं) वाढलेले आले तर पिण्याचं पाणी कुठलं आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. या विषावर उतारा नाही.

किती विष चालतं? जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिनसाठीची आयुष्यभराच्या पाण्याची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम, आणि थोड्या दिवसांपुरती 12. पण ही मोजणी 60 किलोचा माणूस रोज 2 लिटर पाणी पितो असं धरून आहे. रोजची सोसवणारी मात्रा वजनाच्या किलोमागे 0.04 मायक्रोग्रॅम. 1 मायक्रोग्रॅमचं पाणी या माणसाला किलोमागे 0.033 देतं, म्हणजे निभावलं. तेच पाणी दुधाच्या भुकटीत कालवून 5 किलोच्या बाळाला दिवसाला पाऊण लिटर पाजलं तर किलोमागे 0.15, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. बाटलीच्या दुधासाठी या दिवसांत तळ्याचं पाणी अजिबात वापरू नका.

शेवाळ ओळखायचं कसं? रबरी हातमोजे घालून झाकणाची काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय धरा, कारण या पेशींत वायूचे बारीक फुगे असतात. साधं हिरवं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. दुसरी खूण काठीची: पाण्यातून फिरवून काढल्यावर केसांसारखे धागे लोंबले तर साधं शेवाळ, रंगात बुडवल्यासारखा लेप बसला तर हात लावू नका. विषारी की बिनविषारी हे मात्र बरणी सांगत नाही. तळं पाहायला भल्या पहाटे जा, वारा सुटण्याआधी, आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ आधी बघा. दुपारी त्याच तळ्यात काही दिसणारही नाही.

आता सर्वांत मोठा गैरसमज. उकळून विष जात नाही. हे रेणू उष्णतेला दाद देत नाहीत. उलट पेशी फुटतात, पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात विष दाट होतं. कापडाच्या घडीनं, कँडलच्या गाळणीनं पेशी अडतात, विरघळलेलं विष आरपार जातं. घरगुती यूव्ही दिव्यानंही भागत नाही. तुरटीनं अख्ख्या पेशी बऱ्यापैकी खाली बसतात, पण तो गाळ त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर पेशी तिथंच मरून विष सोडतात. चांगला आरओ बहुतेक विष अडवतो. सक्रिय कोळसाही विष धरतो, मायक्रोसिस्टिनसाठी लाकडापासून केलेला अधिक चांगला. मात्र गढूळ पाण्यानं त्याची छिद्रं लवकर भरतात, आणि मातकट वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही. क्लोरीन आधी गाळलेल्या पाण्यातच घाला, पीएच 8 च्या खाली हवा, आणि 30 मिनिटांनी मुक्त क्लोरीन लिटरला निदान 0.5 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. अॅनाटॉक्सिन-ए या मज्जातंतूंच्या विषावर मात्र क्लोरीनचं फारसं चालत नाही.

साय आलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नका. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर धरणात मोरचूद टाकल्यानंतर काही दिवसांतच 148 जण, बहुतेक मुलं, यकृत आणि मूत्रपिंडांच्या त्रासानं आजारी पडली. पेशी एकदम फुटून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे निळ्या-हिरव्या शेवाळाचंच दुसरं एक विष पाण्यात आलं, हा त्याचा नंतर लागलेला अर्थ.

तळ्याशिवाय दुसरं पाणीच नसेल तर फूटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून साधारण 1 मीटर खाली लोंबता ठेवा, साय जमणाऱ्या काठापासून दूर आणि तळच्या गाळापासून वर. ही तात्पुरती सोय. खोल विहीर किंवा बोअर हाच खरा पर्याय. काठाशेजारी वाळूच्या थरात खणलेली विहीर तळ्यापेक्षा बरी, पण तिचंही पाणी तपासून घ्या.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर हे पाणी तुषारनं मारू नका. पानांवर विष वाळून बसतं आणि उडालेले तुषार श्वासातही जातात. ठिबक चालेल, फक्त फिल्टर रोज धुवा. तळ्यातल्या माशांचं यकृत आणि आतडी टाकून द्या. काठावर वाळलेली साय गुरांच्या वाटेत ठेवू नका, वाफ्यातही टाकू नका. वाळक्या सायीत विष महिनोन्‌महिने राहतं.

पुढच्या हंगामासाठी तळ्याच्या वरच्या अंगाला गवताचा पट्टा राखा आणि पावसाच्या तोंडावर स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, खतं उघडी पसरू नका. तळ्यात गेलेल्या 1 किलो फॉस्फरसवर सुमारे 100 किलो सुकं शेवाळ पोसलं जातं.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर काचेची बाटली घ्या, कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि 24 तासांत पोचवा. एक नमुना सायीचा, एक पंपाच्या तोंडाचा आणि एक घरातल्या नळाचा. चिठ्ठीवर ‘एकूण मायक्रोसिस्टिन’ असं लिहा. तसं लिहिलं नाही आणि तिथं पाणी गाळून तपासलं गेलं, तर पेशींत कोंडलेलं विष निकालात येणारच नाही.