गॅरेजच्या छपराला हात लावण्यापूर्वी

इंग्लंडमध्ये घर घेऊन पहिला हिवाळा सरला, की अनेकांचे लक्ष गॅरेजच्या सपाट, गळक्या छपराकडे जाते आणि ते काढून तेथे उतरते छप्पर घालावे असा विचार घरात सुरू होतो. विचार योग्यच आहे. परंतु कारागिराला होकार देण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, ती अशी की येथे परवानग्या दोन असतात, आणि एक मिळाली म्हणजे दुसरीही मिळाली असे कधीच होत नाही. प्लॅनिंग परमिशनमध्ये बांधकाम बाहेरून कसे दिसते, किती उंच होते आणि शेजारावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहिले जाते; बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये मात्र ते छप्पर वाऱ्यात आणि बर्फाच्या भाराखाली टिकेल का, आग शेजारी पसरू देईल का, हे तपासले जाते. हा फरक मला घर विकताना कळला. प्लॅनिंगचे मंजुरीपत्र मी अभिमानाने पुढे केले, तर खरेदीदाराच्या सॉलिसिटरने बिल्डिंग कंट्रोलचे, म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्स पाळली आहेत का हे तपासणाऱ्या यंत्रणेचे, काम नियमानुसार पुरे झाल्याचे कम्प्लिशन सर्टिफिकेट मागितले. ते मी कधी घेतलेच नव्हते, आणि त्यापायी व्यवहार कित्येक आठवडे अडून राहिला.

प्लॅनिंगपासून सुरुवात करू. जुने आच्छादन काढून तसेच दिसणारे नवे घालायचे असेल, तर सहसा अर्ज लागत नाही. आकार किंवा उंची बदलायची असेल तेव्हा घरापासून सुट्या असलेल्या गॅरेजला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’च्या, म्हणजे प्लॅनिंगचा अर्ज न करता बांधण्याच्या सवलतीच्या, मर्यादा लागू होतात: वळचणीची उंची 2.5 मीटरपर्यंत, दुपाखी छपराची एकूण उंची 4 मीटरपर्यंत आणि इतर प्रकारच्या छपराची 3 मीटरपर्यंत. हे आकडे वाचून पुष्कळजण निश्चिंत होतात आणि पुढची अट वाचायची राहून जाते. गॅरेजचा कोणताही भाग हद्दीपासून 2 मीटरच्या आत असेल, तर संपूर्ण बांधकामाची उंची 2.5 मीटरच्या वर जाता कामा नये. येथील बहुतेक गॅरेजे कुंपणाला खेटूनच उभी असतात, त्यामुळे सपाटाचे दुपाखी करायचे म्हटले की प्रत्यक्षात बहुतेकांना अर्ज करावाच लागतो.

उंची कोठून मोजायची हेही नीट पाहावे. जमीन उताराची असेल, तर गॅरेजला लागून असलेल्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून माप धरले जाते. मी पहिल्यांदा टेप लावली ती खालच्या बाजूने, आणि नियमात बसणारे छपरही बसत नाही असे समजून बसलो; वरच्या बाजूने, फुलझाडांच्या वाफ्यापाशी टेप धरल्यावर माप चांगले वीतभर कमी भरले.

गॅरेज घराला जोडलेले असेल, तर घराच्या विस्ताराचे वेगळे नियम लागतात. घर संरक्षित यादीतील असेल, संवर्धन क्षेत्रात असेल किंवा नव्या वसाहतीच्या मूळ मंजुरीतच ही सवलत काढून घेतलेली असेल, तर वरचे आकडे गृहीत धरू नयेत. अशी अट मूळ मंजुरीपत्रात असते आणि ते पत्र कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, प्लॅनिंग नोंदींत पाहायला मिळते. अर्ज लागत नाही अशी खात्री असली, तरी बांधकाम कायदेशीर असल्याचा लेखी दाखला, म्हणजे ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, कौन्सिलकडून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फोनवर मिळालेला होकार पुढे कोणी मानत नाही. साध्या घरगुती अर्जाच्या निर्णयाची मुदत 8 आठवड्यांची असते, म्हणून कारागिराची तारीख त्यानंतरची ठरवावी.

बिल्डिंग रेग्युलेशन्समधून 15 चौरस मीटरपर्यंतच्या सुट्या, एकमजली गॅरेजला सूट आहे, मात्र तेथे झोपण्याची सोय नसावी. क्षेत्र 15 ते 30 चौरस मीटर असेल, तर सूट मिळण्यासाठी गॅरेज हद्दीपासून किमान 1 मीटर दूर किंवा मुख्यत्वे न जळणाऱ्या साहित्याचे असावे लागते. जोडलेल्या गॅरेजला ही सूट मिळत नाही. हलक्या आच्छादनाच्या जागी जड कौले घालायची असतील, तर जुने वासे आणि भिंती तो भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे, आणि बिल्डिंग कंट्रोलच्या निरीक्षकाला वासे दिसत असतानाच, म्हणजे कौले चढण्यापूर्वी, बोलवावे.

भिंत शेजाऱ्यासोबत सामाईक असेल आणि तिच्यात तुळई बसवायची असेल, तर 1996 च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्यानुसार किमान दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. पन्हळ शेजाऱ्याच्या हद्दीवर लोंबणार नाही, हे नकाशातच पाहून घ्यावे.

शेवटी एक कळकळीची सूचना. गॅरेज 2000 सालापूर्वीचे असेल आणि त्यावर करडे, शेवाळलेले, नागमोडी सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असल्याचे धरूनच चालावे; या देशात त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली. असा पत्रा फोडू नये, त्याला ड्रिल लावू नये, प्रेशर वॉशरने धुऊही नये, कारण त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. प्रशिक्षित माणसाकडून पत्रे ओले करून अखंड उतरवून घ्यावेत आणि ते अधिकृत ठिकाणीच गेल्याचा कागद मागून घ्यावा. मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नये.