शेजारच्या घरात मारझोड चालू असेल तर काय करायचं, लॉकडाऊनात आम्ही शिकलो ते

आमच्या खटाव तालुक्यात निम्म्या घरांचा कारभार असा की गडी मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी वाशीच्या मार्केटात, कुणी ड्रायव्हर, आणि बाई इकडं सासू-सासरे, म्हशी, पोरं सांभाळत. नवरा जत्रेला नाहीतर गणपतीला आठ दिवस येणार आणि त्या आठ दिवसांत काय व्हायचं ते बायका गिळून टाकायच्या, कारण नवव्या दिवशी एसटी असायची. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मुंबईकर गावी आले, १४ दिवस झेडपीच्या शाळेत काढले आणि मग घरात, पगार बंद, आणि एसटी काही सुटायचं नाव घेईना. लोक म्हणतात दारूमुळं होतं सगळं. दारूची दुकानं तर सुरवातीला महिनाभर बंदच होती, तरी मारझोड चालूच होती, तेव्हा मला ते कारण पटत नाही. बाईला घराबाहेर पडायला जी जी कारणं होती, म्हणजे गटाची मीटिंग, रोजगार, पोरांची शाळा, माहेर, ती सगळी एका रात्रीत गेली, हे खरं. म्हणून मदत करायची तर पहिलं काम, तिच्यापर्यंत पोचायला कारण शोधायचं.

फोन करून "काय गं, परत मारलं का" असं विचारू नका. ही चूक मी स्वतः केली. फोन स्पीकरवर होता आणि नवरा शेजारी बसलेला, त्याचं पुढं काय झालं ते लिहीत नाही. घरात एकच मोबाईल, तो दिवसभर पोराच्या ऑनलाईन शाळेला आणि रात्री नवऱ्याकडं, त्यामुळं मेसेज तर अजिबात नको. समोरासमोर, दोन मिनिटं गाठ पडेल अशी जागा बघा, नळाचं पाणी, डेअरीत दूध घालायला जाणं, गिरणी. आशाताई तेव्हा घरोघर सर्व्हे करत होत्या, सप्टेंबरात 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' ही सरकारची घरोघर कोरोना तपासणीची मोहीम सुरू झाली तेव्हा तर दारात उभं राहून चौकशी करायचा त्यांना हक्कच मिळाला, त्यांना विश्वासात घ्या. पण गावात कोण कुणाची नणंद आहे ते आधी बघा.

गाठ पडली की दोन शब्द ठरवून घ्या. दोनच, जास्त ठरवले की ऐनवेळी आठवत नाहीत. आमचं असं होतं की आमच्या शेजारणीनं "विरजण आहे का" विचारलं की कुणीतरी येऊन बसायचं, आणि "दळण न्यायचंय" म्हणाली की पोलीस. शब्द रोजच्या वापरातला पाहिजे, सासूसमोर ओरडून मागता येईल असा. कॅनडातल्या एका महिला संस्थेनं त्याच एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलसाठी हाताची खूण काढली होती, तळवा दाखवायचा, अंगठा आत घ्यायचा, वरून बोटं मिटायची. खूण चांगली आहे पण आमच्याकडं रेंजसाठी पत्र्यावर चढावं लागतं.

कागदं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, दागिन्यांची यादी, या सगळ्याची झेरॉक्स तुमच्याकडं ठेवून घ्या, तिच्या घरात लपवू नका. तांदळाचा डबा सासू उघडतेच. उठलेल्या वळांचे फोटो काढले तर बहिणीला नाहीतर भावाला पाठवून लगेच डिलीट, गॅलरीतून आणि चॅटमधून दोन्हीकडून.

आवाज यायला लागला तर एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा, दार वाजवा आणि काहीही फालतू मागा, काडेपेटी मागा. त्याला जाब विचारायचा नाही आणि "ती सांगत होती" हे तर मेलं तरी म्हणायचं नाही. बऱ्याचदा तेवढ्यानंच हात थांबतो. नाही थांबला तर ११२ (तेव्हा आम्ही १०० लावायचो), आणि सल्ला हवा असेल तर १८१ ही महिला हेल्पलाईन. फोन तिनंच केला पाहिजे असं नाही, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे, चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही, हे शेजाऱ्यांना मुद्दाम सांगा कारण "आपल्या मागं कोर्ट-कचेरी लागेल" याच भीतीनं सगळी गल्ली टीव्हीचा आवाज वाढवते.

लागलं असेल तर सरकारी दवाखाना, जवळचं ग्रामीण रुग्णालय नाहीतर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. तिथं केस पेपरवर "न्हाणीत पाय घसरला" लिहून यायचं नाही, बायका हमखास हेच सांगतात. नवऱ्यानं मारलं असं स्पष्ट सांगायचं आणि तसं लिहून घ्यायचं, पुढं कोर्टात तोच कागद उभा राहतो. आणि गळा दाबला असेल तर वर काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी न्या. आतली सूज नंतर वाढू शकते, आणि जो एकदा गळ्यापर्यंत गेला तो पुढं जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, तिथं "बघू उद्या" नको.

आता पोलीस ठाणं. आम्हाला एका ठाण्यात "नवरा-बायकोचं भांडण, आज मारतोय उद्या साडी आणील" असं ऐकवलं आणि एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन परत पाठवलं. एनसीची पण कॉपी मागून घ्या, सोडू नका. आणि एक घोळ कायम होतो, ४९८ वेगळं आणि डीव्ही, म्हणजे वर सांगितलेला २००५ चा कायदा, वेगळं. ४९८ म्हणजे जुन्या दंड संहितेतलं कलम ४९८-अ, सासरच्या छळाचं, ते फौजदारी, नवऱ्याला अटक होऊ शकते (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय). डीव्हीत तिला अटक नको असेल, संसार मोडायचा नसेल, फक्त मार थांबायला हवा असेल तरी अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, भेटायचं, ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि अर्ज मॅजिस्ट्रेटपुढं जातो, त्यात मारायचं नाही असा आदेश, पोटगी, पोरांचा ताबा, घरात राहायचा हक्क, सगळं एकाच अर्जात मागता येतं. कायद्यात पहिली तारीख ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न असं लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायला सांगा. संरक्षणाचा आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं नाहीतर १५१०० ला फोन.

"घर माझ्या नावावर आहे, चल नीघ" असं सासरा म्हणेल. सातबाऱ्याला किंवा आठ अ ला तिचं नाव नसलं तरी ती ज्या घरात नांदली तिथून तिला कायद्याशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि घर सासऱ्याचं असलं तरी ते सामायिक घर धरता येतं असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे त्याच वर्षी सांगितलंय. पुणे झेडपीनं तर तेव्हा बायकोला मारणाऱ्यालाच उचलून क्वारंटाईन करू असं जाहीर केलं होतं, मला ते फार आवडलं होतं. दरवेळी बाईनंच पोरं-पिशवी घेऊन का निघायचं?

आणि ती परत त्याच घरात गेली तर रागावू नका. आमची पण गेली. "एवढं केलं आणि ही बघा" असं म्हणून बायका संबंध तोडतात आणि मग पुढच्या वेळी ती कुणाकडं येणार. झेरॉक्स माझ्या ट्रंकेत अजून आहेत. मुंबईचं मार्केट सुरू झाल्यावर तिचा नवरा गेला, आता परत जत्रेपुरताच येतो, आणि त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन मोठ्यानं विचारते, विरजण पाहिजे का गं.