मिरगाच्या आधी कुळागरात: बुरशीविरुद्धची तयारी

तयारीतले पहिले काम दुकानात नाही, फोनवर करायचे: पाडेली, म्हणजे झाडावर चढून फवारणारा माणूस, ठरवून टाका. गोव्यात फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण, कुठेही जा, कुळागरवाल्याची, म्हणजे पोफळी-माडाची मिश्र बाग असणाऱ्याची, अडचण मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) नसते. चढणारा माणूस मिळत नाही ही असते. पोफळीवर चढणारे हात कमी उरलेत आणि आकाश काळवंडू लागले की ते सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात. तेव्हा काजूचा हंगाम आटोपता आटोपताच त्याच्याशी बोलून घ्या. पहिल्या फवारणीसाठी मे अखेरची तारीख घ्या, आणि तेव्हाच दुसऱ्या फवारणीचीही, म्हणजे पहिलीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. ती जुलैच्या मध्यावर येते. त्या दिवसांत कोरडा दिवस सांगून येत नाही, म्हणून त्याला 'त्या आठवड्यात उघडीप मिळाली की ये' असेच सांगून ठेवायचे.

घाई मिरगाआधीच का, तर बोर्डो, म्हणजे आपण फवारतो ते मोरचूद-चुन्याचे मिश्रण, हे औषध नव्हे, ते कवच आहे. कोवळ्या सुपारीवर त्याचा थर पाऊस सुरू होण्याआधी बसलेला असेल तरच उपयोग. देठापाशी काळपट हिरवा, पाणी मुरल्यासारखा डाग दिसला की ती सुपारी गेलीच, आणि तिच्यावरून ओघळणारे पाणी खालच्या घोसालाही घेऊन जाणार. कोळेरोग, म्हणजे सुपारीची ही कूज, करणारी फायटोफ्थोरा शास्त्राच्या हिशेबात खरी बुरशी नाही. बागेत आपण तिला बुरशीच म्हणतो, म्हणा खुशाल. पण या फरकाचा खिशाशी संबंध आहे. दुकानात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे पाकीट पुढे केले तर कोळेरोगासाठी घेऊ नका, फायटोफ्थोरावर ते चालत नाही. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहतात. संततधार, मध्येच ऊन, पुन्हा सर, हवेत गारवा, असे चार दिवस मिळाले की तिचे फावते. गोव्याचा जुलै याहून वेगळा कुठे असतो?

फवारणीआधी साफसफाई, आणि यात कंजुषी नको. गेल्या वर्षीचे वाळलेले घोस अजून शेंड्यात लटकत असतील, खाली कुजलेल्या सुपाऱ्या विरींखाली (पोफळीच्या गळलेल्या झावळ्यांखाली) दडल्या असतील. रोग उन्हाळा काढतो तो याच जागी. पाडेली चढणारच आहे तर सुके घोस आणि मेलेले शेंडे त्याच फेरीत खाली घ्या, गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधावर ढीग रचून ठेवला तर साफसफाई केली नाही असेच समजा. सोबत चर उकरून घ्या. पाट गाळाने भरलेला असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पोफळीच्या बुंध्यात साचते. उतारावरच्या कुळागराला याची फिकीर कमी, पण व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) सखल तुकड्यात निम्मी लढाई फावड्यानेच जिंकायची असते.

आता सामान. २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप असेल तर एक टक्क्याच्या मिश्रणाला दोन किलो मोरचूद आणि दोन किलो कळीचा चुना लागतो. शिवाय शंभर-शंभर लिटरची दोन भांडी, प्लास्टिकची किंवा लाकडी. लोखंड, पत्रा, अॅल्युमिनियम नको. चुना ताजा आणि दगडासारखा टणक हवा. पिशवीत भुगा होऊन पडलेला चुना मेलेला असतो, त्याचे वजन भरते पण काम होत नाही. किती मिश्रण लागेल याचा अंदाज आदल्या दिवशी साध्या पाण्याने घ्या: पंपात पाणी भरून पाच पोफळी फवारा, किती संपले ते मोजा.

मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्याच्या पृष्ठभागालगत टांगा. विरघळलेले जड पाणी आपोआप खाली बसते आणि सकाळपर्यंत फडके रिकामे होते. तळाशी टाकून ढवळत बसलात तर दुपार होईल. चुना थोड्या पाण्यात फोडून, थंड करून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबणार आणि पाडेली वरून शिव्या देणार. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता, किंवा मोरचूद चुन्यात ओता. चुना मोरचुदात ओतायचा नाही. ढवळताना आकाशी रंग येतो. त्यात कोयत्याचे घासलेले पाते मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस झाक आली तर तांबे अजून मोकळे आहे आणि ते कोवळा पाला करपवेल. चुन्याचे पाणी थोडे थोडे घालत पाते लखलखीत निघेपर्यंत पाहा. चिकटायला राळेचा साबण किंवा बाजारात मिळणारे स्टिकर घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलेले कामाचे राहत नाही.

हे मिश्रण फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांसाठी १८८५ च्या सुमारास पुढे आले आणि म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पोफळीवर आणले. त्यानंतर कितीतरी रंगीत डबे बाजारात आले, तरी माझा कौल अजून मोरचूद-चुन्यालाच.

फवारायच्या सकाळी विहिरीवर ताडपत्री घाला. खालच्या केळीचे तयार घड आणि भाजी आधीच काढून घ्या. पाडेल्याला चष्मा आणि हातमोजे द्या. तो नको म्हणेल, तरी द्या. पंप व्हाळात धुऊ नका, तांबे माशांना मारते. थेंब घोसावर आणि आतल्या कोवळ्या फळांवर बसले पाहिजेत. नुसती पाने निळी झाली तर पैसे वाया. झाडे मोजकी आणि पाडेली हाताशी असेल तर घोसाला प्लास्टिकची टोपी घालणे हाही चांगला उपाय आहे. तीही पावसाआधीच.

पोफळीवर मिरी चढवलेली असेल तर जमिनीवर लोळणाऱ्या वेली कापा किंवा वर बांधा. चिखलाचा शिंतोडा पानावर उडाला की मर तिथूनच सुरू होते, आणि ती वेल आठ-पंधरा दिवसांत वाळून जाते. मिरीच्या बुंध्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाचे पाणी ओता. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी घालणार असाल तर तांब्यासोबत एकाच वेळी नको, तांबे तिलाही सोडत नाही.

माडाचे पाहायचे ते शेंड्यात. मधली सुरळी पिवळी पडून हाताने ओढताच निघून आली आणि बुडाला कुजका वास असला तर कोंब कुजतोय. लवकर सापडला तर सडका भाग निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट भरायची: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. वर पाणी जाणार नाही असे झाकण. उशीर झाला तर माड वाचत नाही. पण तो तोडण्याआधी वनखात्याची परवानगी लागते का ते विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

हीच पेस्ट काजूसाठी जादा करून ठेवा. पावसाच्या मध्यावर काजूच्या फांदीवर, बेचक्यात, आधी पांढरट आणि मग गुलाबी खपली दिसते, पुढची फांदी पिवळी पडून वाळते. खपलीच्या बरेच खाली, निरोगी लाकडात कापायचे आणि कापावर पेस्ट लावायची. बेचक्यांना पावसाआधी पेस्ट लावलेली असेल तर जुलैत करवत कमी चालते. ही गुलाबी खपली आंब्या-फणसावरही येते, तेव्हा काजूपुरते बघून परतू नका.

बुंध्याशी फळीसारखी, वरून चकचकीत तपकिरी ओळमी (अळंबी) उगवली असेल तर तो गॅनोडर्मा, मुळे कुजवणारी बुरशी. ओळमी उपटून घरी परतणे म्हणजे काही न करणे, कारण बुरशी आत मुळांत आहे आणि शेजारच्या झाडाकडे मुळांवाटेच जाते. आजारी पोफळीपासून साधारण मीटरभर अंतरावर दोन फूट खोल, फूटभर रुंद चर खणून तिला वेगळी पाडा, आसपासच्या झाडांना निंबोळी पेंड घाला. अकेशियाची जुनी लागवड काढून तिथे काजू लावणार असाल तर खुंट मुळांसकट काढा. कंत्राटदार खुंट तसेच ठेवतो, कारण त्याला लाकूड हवे असते. तुम्हाला मात्र तिथे पुढची चाळीस वर्षे काजू काढायचे आहेत.

माटी, किंदळ, भिरंड, अशी आपली मूळची झाडे फवारत सुटू नका. डोंगरावर त्यांना ती गरज नाही. त्यांच्या सालीला कुऱ्हाडीचे घाव घालू नका आणि मुळांवर माती-खडीचे ढीग टाकू नका, एवढे पुरे. जखमेतून शिरणारी बुरशी बहुतेक वेळा माणसानेच बोलावलेली असते. सागाच्या पानांखाली केशरी भुकटी दिसली तरी मोठ्या झाडाचे काही बिघडत नाही. रोपवाटिकेत दिसली तर मात्र रोपे विरळ करा.

काय आहे ते कळत नसेल तर जुन्या गोव्याला, एलाच्या किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना न्या. अर्धा निरोगी, अर्धा रोगट असा तुकडा कापा, पूर्ण कुजलेला नको. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. सोबत झाडाचे दोन फोटो आणि कधी काय फवारले त्याची चिठ्ठी ठेवा, आणि सकाळीच पोचवा.