झाडांमधल्या घरात चार रात्री : ब्रिटन आणि युरोपातील वनवसाहतींत सहकुटुंब सुट्टी कशी आखावी

पुण्याहून किंवा नाशिकहून आई-वडील दोन महिन्यांसाठी लेकाकडे वा लेकीकडे लंडनला, आइंडहोवनला, म्युनिकला येतात, तेव्हा सुट्टीचा बेत आखताना प्रत्येक घरात एकच अडचण उभी राहते. आजींचे गुडघे फार चालू देत नाहीत, नातवंडांना संग्रहालयात अर्ध्या तासात कंटाळा येतो, आणि हॉटेलच्या दोन वेगवेगळ्या खोल्यांत विभागलेले कुटुंब एकत्र फक्त जेवणाच्या टेबलावर भेटते. अशा तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी ‘सेंटर पार्क्स’सारख्या जंगलातील व्हिलांच्या वसाहतीइतकी सोयीची दुसरी सुट्टी माझ्या पाहण्यात नाही. मात्र ही सुट्टी ‘पाहण्याची’ नसून ‘राहण्याची’ आहे, हे ध्यानात घेऊन तिची आखणी केली पाहिजे. एरवी पैसे भरपूर जातात आणि दमणूक तेवढी पदरी पडते.

या प्रकाराचा उगम नेदरलँड्समध्ये झाला. खेळाच्या सामानाची दुकाने चालवणारे पीट डेर्कसेन यांनी १९६८ मध्ये लिम्बुर्ग प्रांतातील रॉयव्हर गावाजवळच्या जंगलात पहिली वसाहत उभारली, आणि तिथल्या बंगल्यांची रचना याप बाकेमा या नामवंत वास्तुरचनाकाराने केली. झाडांच्या आडोशाला बसकी घरे, घराला मोठ्या काचा, मोटारींना मज्जाव आणि सायकलने सर्वत्र जाण्याची मुभा, ही मूळ कल्पना आजही कायम आहे. पुढे १९८० मध्ये ‘दे ईमहोफ’ या वसाहतीत काचेच्या छताखाली उष्ण कटिबंधातील झाडे लावलेला ऊबदार जलविहार, म्हणजे पोहण्याचा तलाव, सुरू झाला, आणि पावसाळी हवामानातही बारा महिने चालणारी सुट्टी शक्य झाली. हीच ‘सेंटर पार्क्स’. ब्रिटनमधील पहिली वसाहत १९८७ मध्ये नॉटिंगहॅमशरमधील शेरवुडच्या जंगलात उघडली. ब्रिटन-आयर्लंडमधील वसाहती आणि युरोपच्या मुख्य भूमीवरील वसाहती आता वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत. त्यामुळे एकीकडचा अनुभव किंवा नियम दुसरीकडे लागू पडेल असे गृहीत धरू नये.

सर्वप्रथम तारखा ठरवाव्यात, कारण किमतीचा सारा खेळ तारखांवर आहे. मुक्काम बहुधा सोमवार ते शुक्रवार असा चार रात्रींचा, शुक्रवार ते सोमवार असा तीन रात्रींचा, किंवा पूर्ण आठवड्याचा असतो. शाळांच्या सुट्टीत तोच लॉज (वसाहतीतले राहायचे घर) कितीतरी महाग होतो. मुले शाळेत जाण्याच्या वयाची नसतील तर सत्र चालू असतानाचा सोमवार ते शुक्रवार हा मुक्काम बेधडक घ्यावा. मुले शाळेत असतील तर इंग्लंडमध्ये नियम काटेकोर आहे: दहा आठवड्यांत प्रत्येकी अर्ध्या दिवसाची दहा सत्रे, म्हणजे पाच पूर्ण दिवस, विनापरवानगी बुडाले की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो, आणि ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, तर २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड आहे. सोमवार ते शुक्रवार ही सुट्टी नेमकी पाच दिवसांची भरते, हे लक्षात असू द्यावे. त्यापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा बंद असते तो सोमवार किंवा शुक्रवार शाळेच्या वेळापत्रकात हेरून ठेवावा आणि त्याला जोडून शनिवार-रविवारचा मुक्काम घ्यावा. नेदरलँड्समध्ये उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांच्या शालेय सुट्ट्या पुष्कळदा वेगवेगळ्या आठवड्यांत असतात, आणि जर्मनीत त्या राज्यागणिक बदलतात. सीमेलगतच्या वसाहतीत जायचे असेल तर आपल्याबरोबर शेजाऱ्यांचेही वेळापत्रक पाहावे.

जागा निवडताना मी प्रवासाला तीन तासांची मर्यादा घालीन, कारण चार रात्रींच्या सुट्टीतले दोन दिवस रस्त्यावर गेले तर हाती काय उरणार? लंडन-लुटन परिसरातील कुटुंबांना बेडफर्डशरमधील वोबर्नची वसाहत जवळ पडते. ती २०१४ मध्ये सुरू झाली. विल्टशरमधील लाँगलीटच्या शेजारी १९६६ पासूनचे मोटारीतून पाहायचे सफारी उद्यान आहे. कंब्रियातील व्हिनफेल पेनरिथजवळ आहे, आणि इंग्लंडमध्ये आता दुर्मीळ झालेल्या तांबड्या खारी तिथे दिसतात. माझा स्वतःचा कल मात्र सफकमधील एल्वेडनकडे आहे. शीख साम्राज्याचे अखेरचे महाराजा दुलीपसिंग यांनी १८६३ मध्ये एल्वेडनची जहागीर विकत घेतली होती, आणि १८९३ मध्ये पॅरिसला मृत्यू आल्यावर त्यांचे दफन एल्वेडन गावच्याच चर्चच्या आवारात झाले. वसाहतीपासून ते चर्च मोटारीने अगदी जवळ आहे. आजोबांना इतिहासाची गोडी असेल तर परतीच्या वाटेवर तिथे अर्धा तास अवश्य थांबावे. पंजाबातून दहाव्या वर्षाच्या आसपास राज्य गमावून आलेल्या त्या राजाची साधी कबर पाहताना मन स्तब्ध होते.

मुख्य भूमीवर बेल्जियममधील एर्परहायदे आणि दे व्हॉसेमेरेन, जर्मनीतील लुनेबुर्ग परिसरातील बिस्पिंगर हायदे किंवा दक्षिणेतील आल्गॉय, फ्रान्समधील नॉर्मंडी, सोलोन्य आणि मोझेल अशा अनेक वसाहती आहेत. ब्रिटनहून तिकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी: भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये वास्तव्याचा परवाना असूनही शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. आई-वडिलांचा ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. आयर्लंडमधील लाँगफर्डच्या वसाहतीत जायचे असल्यास तिथलाही नियम स्वतंत्रपणे तपासावा. व्हिसा हाती पडल्याशिवाय पैसे परत न मिळणारे आरक्षण करू नये.

लॉज निवडताना शयनगृहांच्या संख्येइतकेच त्याचे ठिकाण महत्त्वाचे आहे. मोटार फक्त येण्याच्या आणि जाण्याच्या दिवशी सामान उतरवण्या-चढवण्यासाठी लॉजपर्यंत नेता येते. त्यानंतर ती मोठ्या वाहनतळावर लावावी लागते, आणि मग सारे पायी किंवा सायकलवर. वसाहत कित्येक एकरांवर पसरलेली असल्याने कडेच्या लॉजवरून जलविहारापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटेही लागू शकतात. म्हणून ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मध्यवर्ती ठिकाणाजवळचा, तळमजल्यावर शयनगृह व न्हाणीघर असलेला लॉज मागून घ्यावा. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी हा खर्च मी कधीही वाचवणार नाही. चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात धरली आहे की नाही, हे आरक्षणाच्या कागदावर वाचावे. मुख्य भूमीवर ते लॉजच्या दर्जानुसार बदलते.

आता स्वयंपाकघर. या सुट्टीचे खरे सुख इथे आहे, आणि घोटाळेही इथेच होतात. वसाहतीतले किराणा दुकान महाग असते, म्हणून दूध, भाजी, कणीक वाटेतल्या मोठ्या सुपरमार्केटमधून घ्यावी. ब्रिटनहून युरोपीय संघात जाताना स्वतःसाठीसुद्धा मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पनीर, पेढे, श्रीखंड घरीच ठेवावे लागते. एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये येतानाही मांस-चीजवर बंदी आहे, आणि भारतातून येणाऱ्या आईच्या बॅगेतल्या तुपाच्या बरणीलाही हाच नियम लागू होतो. डाळ, तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट, भाजलेले पोहे आणि शेंगदाण्याचे कूट मात्र बिनघोर न्यावे. कुकर न्यायचा तर इंडक्शनला चालणारा स्टीलचा न्यावा, कारण शेगडी इंडक्शनची असली तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. ब्रिटनच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये आपल्याकडचा प्लग बसत नाही, आणि युरोपचा सॉकेट त्याहून वेगळा, तेव्हा दोन्ही अडॅप्टर जवळ असावेत.

फोडणीविषयी विशेष सांगितले पाहिजे. या लॉजमध्ये स्वयंपाकघर आणि बैठक एकच असते आणि छतावर धुराची सूचना देणारे यंत्र बसवलेले असते. एका मुक्कामात पहिल्याच संध्याकाळी मोहरी तडतडली, पाठोपाठ लाल मिरची पडली, आणि क्षणात असा कर्कश आवाज सुरू झाला की धाकटी पुतणी कानांवर हात ठेवून अंगणात पळाली. तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला आहे: आधी शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने लावायचा, अंगणाचे सरकते दार उघडायचे, तेल मध्यम आचेवरच तापवायचे, मोहरी पडताच झाकण ठेवायचे आणि मिरची आच बंद केल्यावरच घालायची. यंत्रावर कापड बांधणे किंवा ते काढून ठेवणे हा उपाय मुळीच करू नये. आजूबाजूला लाकडी घरे आणि जंगल आहे. पहिल्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, भाजलेला पापड आणि लोणचे एवढाच बेत ठेवावा.

जलविहार भाड्यातच येतो, त्यामुळे रोज जावे, दुपारी गर्दी असते म्हणून सकाळी उघडताच किंवा संध्याकाळी उशिरा जावे. ब्रिटनमध्ये तिथले तापमान सुमारे २९.५ अंश सेल्सियस राखलेले असते. तिथे पोहण्याचाच पोशाख हवा. सुती टी-शर्ट किंवा सलवार चालत नाही, पण पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ असा पोहण्याचा पोशाख ब्रिटनमध्ये सहज मिळतो आणि आईलाही त्यात संकोच वाटत नाही. फ्रान्समध्ये सार्वजनिक तलावांवर पुरुषांच्या सैल बर्मुडांना सामान्यतः मनाई असते, म्हणून अंगाबरोबरची चड्डी सोबत ठेवावी. जर्मनी आणि नेदरलँड्समधील सौना विभागात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसण्याची रीत आहे. ज्येष्ठांना तिथे घेऊन जाण्याआधी हे सांगावे, म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही. लहान मुलांवर जीवरक्षकांच्या भरवशावर न राहता घरातल्या एका मोठ्या माणसाने सतत नजर ठेवावी, आणि ही पाळी घड्याळ लावून वाटून घ्यावी.

बाकीचे बहुतेक उपक्रम वेगळ्या पैशांचे असतात: झाडांवरून दोरांच्या पुलांवर चालणे, तिरंदाजी, होडी, मुलांचे वर्ग. प्रत्येक मुलाला संपूर्ण मुक्कामात एकच उपक्रम निवडू द्यावा आणि तो घरूनच आरक्षित करावा. शक्य असल्यास सायकली घरच्याच न्याव्यात. उरलेला वेळ जंगलासाठी मोकळा ठेवावा. पहाटे अंगणाच्या काचेपाशी चहा घेऊन बसलेल्या आजोबांच्या पुढ्यात हरीण येऊन उभे राहते, तो प्रसंग कुठल्याच तिकिटावर मिळत नाही. प्राण्यांना पोळी-भात घालू नये. त्यांना ते बाधते.

गवतात फिरून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची मुळे तपासावीत, कारण इथल्या गोचिडीमुळे लाइमचा आजार होऊ शकतो. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. ब्रिटनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा प्रत्येकाकडे बॅटरी हवी.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास लॉज सोडावा लागतो, पण जलविहार आणि वाटा त्यानंतरही वापरता येतात. म्हणून आदल्या रात्रीच सामान भरून ठेवावे, पोहण्याचे कपडे आणि एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत वर ठेवावा, मोटार वाहनतळावर नेऊन लावावी आणि मुलांना शेवटचे दोन तास पाण्यात मनसोक्त डुंबू द्यावे. परतीच्या वाटेसाठी मेतकूट-भाताचा डबा आदल्या रात्रीच्या भातात बसतो.