भिंतीवर फळ्या चढवण्याआधी

घराला बाहेरून लाकडी फळ्या लावायच्या ठरल्या की सगळे आधी रंगाचे नमुने बघतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी हे ठरवा की लाकूड राखाडी झालेलं तुम्हाला चालणार आहे का. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं, ते पावसाने धुऊन जातं आणि सागवान असो की सीडर, उघडी फळी राखाडी पडतेच. म्हणून ती कुजली असं नव्हे. पण छज्जाच्या आडोशाला तपकिरी आणि त्याखाली राखाडी, असं दुरंगी रूप बरीच वर्षं राहतं. ते खुपणार असेल तर रंगद्रव्य असलेलं, आत मुरणारं तेल घ्या आणि काही वर्षांनी पुन्हा शिडी लावायची तयारी ठेवा. पारदर्शक वॉर्निश मात्र नको. त्याचे पापुद्रे सुटले की सगळं खरवडण्यावाचून इलाज नसतो.

लाकूड गाभ्याचंच मागा. सालीलगतचा फिकट भाग कुठल्याही जातीत लवकर कुजतो. मोजमापापेक्षा दहाएक टक्के माल जास्त आणा. उतरवून घेतानाच ओलावा मीटर लावा; 12 ते 18 टक्क्यांच्या दरम्यान आकडा हवा. थप्पी जमिनीपासून उचलून, थरांमध्ये पट्ट्या घालून रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा.

भिंत आणि फळी यांच्यात 25 मिलिमीटर तरी पोकळी हवी, वर-खाली हवेला वाट आणि तिथे किड्यांसाठी जाळी. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून 150 ते 200 मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर पावसाचे शिंतोडे तिला वाळू देत नाहीत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडाशी लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची गाठ पडली की प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ उतरतो. एक स्क्रू दोन फळ्यांतून आरपार नेऊ नका; फळी रुंदीत फुगते-आकसते, अडवली की चिरते.

आता ज्यात सर्वांत जास्त कुचराई होते ते. तेलाचा पहिला हात फळी खाली असतानाच द्यायचा, पुढून, मागून आणि कडांना. आणि कापलेल्या टोकाला सगळ्यात जास्त. टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. ब्रश फिरवला की तेल चकाकतं आणि बघता बघता नाहीसं होतं, टोक पुन्हा कोरडंठक्क. तेल जसं आत गेलं तसंच उद्या पाणी जाणार. म्हणून पिणं थांबेपर्यंत पाजत राहा. जागेवर एखादी फळी पुन्हा कापावी लागलीच, तर नवं टोक त्याच क्षणी भिजवा. तेलाचा डबा करवतीशेजारीच असू द्या.

आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.